किर्कब्रेचा धोंडा

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या घरात शेंगदाण्याची चटणी कधी संपली नाही. महाराष्ट्र मंडळातल्या बायका आईला विचारायच्या, ‘वहिनी, तुम्हाला एवढा वेळ मिळतो कधी?’ आणि आई हसून विषय बदलायची. खरं कारण असं की बाबांनी दादाला मारायला सुरुवात केली की आई मिक्सर लावायची. आमचं टाउनहाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागलेलं घर, आणि भिंती तरी कसल्या, पुठ्ठ्याच्या. पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून आई आधी खिडक्या लावायची आणि मग मिक्सर. रिकामा फिरवला तर मोटर जळते, म्हणून भांड्यात काहीतरी हवंच. भाजलेले दाणे, लसूण, तिखट कायम हाताशी असायचं. मार थोडक्यात आवरला तर चटणी जाडसर व्हायची. लांबला तर दाण्याला तेल सुटून तिचा गोळा व्हायचा. मी जेवायला बसले की पानातल्या चटणीकडे बघून मला कळायचं, मी बाहेर असताना घरात काय झालं ते.

बाबा बाहेर हसतमुख आणि घरात जमदग्नी. गाड्यांच्या सीटच्या लोखंडी सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर होते. गणपतीची आरास तेच करायचे, नवीन आलेल्या पोरांना सोशल सिक्युरिटीचा नंबर काढायला तेच घेऊन जायचे, आणि मंडळात कुणाचंही अडलं की सगळे म्हणायचे, काकांना फोन करा. ऑफिसात मॅनेजर काही बोलला की त्याचं ‘येस, शुअर’ करून ते घरी यायचे आणि वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. वांगं म्हणजे दादा. माझ्या वाट्याला क्वचित एखादा धपाटा यायचा, आईच्या दिशेने एखादी ताटली. पट्टा मात्र दादासाठी होता. मी ते जिन्याच्या पायऱ्यांवर बसून ऐकायचे, आणि बाबा मरावेत असं मनात म्हणायचे. हे मी आज लपवून ठेवणार नाही, कारण ती माझी त्या वयातली सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना होती.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, कुणी मारलं तर नाइन वन वन फिरवा. बाबांनी त्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवला होता. ‘पोलीस आले की आपलं ग्रीन कार्ड गेलं,’ ते जेवताना शांतपणे सांगायचे. ‘मला नेतील, आणि तुम्हाला बॅगा भरायला लावून विमानात बसवतील. मग बसा कराडला जाऊन.’ न्यूयॉर्कच्या त्या दोन विमानांच्या प्रकरणानंतरची वर्षं होती ती. गल्लीत प्रत्येक गाडीवर झेंडा होता आणि आमच्यासारख्या रंगाच्या माणसांनी खालमानेनं राहायचं, हे कुणी न सांगता सगळ्यांना कळलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. दादानं एकदा फोन हातात घेतला होता. आईनं त्याचे पाय धरले. सख्ख्या आईनं पाय धरल्यावर मुलगा काय करणार? त्यानं फोन ठेवला.

भिंतीपलीकडे मिसेस डफ राहायच्या. आम्ही आलो तेव्हा आमची स्कूल बस त्याच चालवायच्या, नंतर रिटायर झाल्या. हाडापेरानं मजबूत बाई, दारात खुर्ची टाकून सिगरेट ओढत बसलेली. आवाज असा की बसच्या शेवटच्या सीटवरची पोरं मागे न बघता गप्प होत. एका उन्हाळ्यात त्यांनी येऊन बाबांना सांगितलं, की डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना लांबचं ड्राइव्ह करता येत नाही, आणि त्यांच्या गावच्या चर्चचा वार्षिक मेळावा शनिवारी आहे. बाबा म्हणाले, ‘नो प्रॉब्लेम, ॲट ऑल. वी विल ऑल गो.’ शेजारधर्म दाखवायची संधी बाबांनी कधी सोडली नाही. त्याच आठवड्यात दादानं ॲडव्हान्स्ड फिजिक्स सोडून शाळेच्या गॅरेजमधला गाड्या दुरुस्तीचा वर्ग घेतल्याचं त्यांना कळलं होतं. ‘मी सातासमुद्रापार येऊन इंजिनियर झालो, आणि तू ग्रीसमध्ये हात घालणार?’ त्या दिवशी चटणीचा गोळा झाला होता. दादा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून गाडीत बसला.

मिशिगनची माणसं आपल्या राज्याचा नकाशा उजव्या पंजावर दाखवतात. किर्कब्रे हे गाव अंगठ्यावर आहे, नखाच्या थोडं खाली. मोठा रस्ता सुटल्यावर पुढे नुसती बिटाची आणि घेवड्याची शेतं, सपाट, शेवटच दिसत नाही अशी. आई खिडकीला नाक लावून म्हणाली, ‘अहो, हा घेवडा किती चांगला आलाय.’ मिसेस डफ पुढे बसून सांगत होत्या, की त्यांचे पणजोबा आणि आणखी काही घरं स्कॉटलंडातून, जमीनदारानं झोपड्या पेटवून हाकलल्यावर, इथे आली. आल्यावर त्यांनी गावाला नाव तिकडचंच दिलं, चर्च तिकडच्यासारखं बांधलं, आणि भांडणंसुद्धा तिकडची इथे आणली. दोन घरांनी एका विहिरीवरून एकमेकांची माणसं मारली. ती विहीर आम्हाला त्यांनी दाखवली. वर लोखंडी झाकण होतं आणि झाकणावर कुणीतरी फुलांची कुंडी ठेवली होती.

गाव इतकं शांत होतं की गाडीचं दार लावलेलंसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं असेल. करड्या धोंड्यांचं बुटकं चर्च, मागे ओढ्यावर छप्पर उडालेली पाणचक्की, आणि एक टेकडी, जिला आमच्या साताऱ्याकडे कुणी उंचवटाही म्हणालं नसतं. तिच्यावरून ह्युरॉन सरोवराची निळी रेघ दिसायची. दफनभूमीत एका कबरीशी एक म्हातारा घागऱ्यासारखा लोकरीचा पोशाख घालून, काखेत पिशवी दाबून त्यांचा बॅगपाइप वाजवत उभा होता. आईला ते सनईसारखं वाटलं. ‘कुणाचं लग्न आहे का?’ तिनं मला हळूच विचारलं. दादा मात्र ते सूर ऐकत डोळे मिटून भिंतीला टेकला होता. त्याची पाठ भिंतीला लागली तेव्हा त्यानं दात आवळलेले मी पाहिले.

जेवायला मोठ्या पातेल्यातला बार्ली घातलेला मटणाचा रस्सा होता आणि ओटच्या पिठाच्या कडक भाकऱ्या, दशम्यांच्या शिळ्या तुकड्यांसारख्या. आईनं पर्समधून चटणीची बरणी काढली. गावच्या म्हाताऱ्यांना ती इतकी आवडली की ते बोटानं पुसून खाऊ लागले, आणि एका आजींनी कृती विचारली. आईनं कृती सांगितली. दाणे, लसूण, मीठ, तिखट. मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं आणि आम्हाला असं हसू फुटलं की दादाच्या नाकातून रस्सा आला. बाबांनी टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट मारला, वर मात्र सगळ्यांकडे बघून ते हसत होते. माझी मुलगी आता माझ्या तेव्हाच्या वयाची आहे. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘दॅट्स नॉट फनी, आई.’ तिचं बरोबर आहे. आणि तरी मला ते आठवून आजही हसू येतं.

जेवणं झाल्यावर मिसेस डफ आम्हाला चर्चच्या फाटकाशी घेऊन गेल्या. तिथे कमरेएवढ्या भिंतीच्या पायाशी एक धोंडा पडला होता, भोपळ्यासारखा, हातांनी गुळगुळीत झालेला. त्या म्हणाल्या, हा तिकडच्या नदीतला, जहाजाच्या तळात घालून आणलेला. गावचा पोरगा वयात आला की हा उचलून भिंतीवर ठेवतो. मग सिगरेट बुटाखाली विझवून त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत सांगितलं, ‘आणि आमच्यात असं आहे, की ज्या दिवशी पोरगा दगड भिंतीवर ठेवतो, त्या दिवसापासून बापाचा हात त्याच्यावर पडत नाही. त्यानंतर बापानं मारलं तर गाव बापाला माणूस म्हणत नाही.’

मला वाटलं बाबा चिडतील. ते तर खुलले. त्यांच्या गावी मारुतीच्या देवळापुढे गोटी होती, खांद्यावर घ्यायचा असाच गोल धोंडा. त्यांचे आजोबा ती यात्रेत उचलायचे. बाबांना ती कधी उचलली नाही, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना तिथेच, अख्ख्या यात्रेसमोर, चाबकानं फोडलं होतं. हे शेवटचं त्यांनी मिसेस डफना सांगितलं नाही. ते मला आईकडून माहीत होतं. बाबांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या सरसावल्या आणि धोंड्याला मिठी घातली. माणसं गोळा झाली. धोंडा जमिनीपासून वीतभर सुटला आणि खाली पडला. बाबांचा चेहरा लाल झाला होता. लोकांनी वयाचा मान राखून टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात झटकले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘नाउ माय सन.’

दादाला उचलला नाही तर लोकांसमोर शोभा केली म्हणून तो मार खाणार. उचलला, तर जे बापाला जमलं नाही ते केलं म्हणून खाणार. पण मिसेस डफनी सांगितलेला नियम माझ्या डोक्यात घुसला होता, आणि मी सगळी भीती बाजूला ठेवून एकच धरून बसले, की दादानं तो धोंडा उचलावा, म्हणजे आमच्या घरातला मार संपेल. असा जप मी परीक्षेसाठीही केला नव्हता.

‘आय डोंट वॉन्ट टू,’ दादा म्हणाला.

‘उचल की रं,’ बाबा म्हणाले. रागावले की ते कराडचे व्हायचे. ओठांवर हसू तसंच होतं. ‘बायल्यागत उभा नको राहू. लोकं बघायल्यात.’

पहिल्यांदा धोंडा मांडीपर्यंत आला आणि निसटला. दादाच्या हातांच्या आतल्या बाजूची कातडी सोलून निघाली आणि शर्टाच्या बाह्या लाल झाल्या. बाबांनी पुढे होऊन त्याच्या डोक्यात मागून टपली मारली, चेष्टेत मारावी तशी. आवाज मात्र चेष्टेचा नव्हता. मिसेस डफ म्हणाल्या, ‘मिस्टर, मागे सरका.’ त्यांचा तो बसमधला आवाज होता आणि बाबा सरकले. दादानं बाह्या वर केल्या. दंडावरचे जुने, पिवळे-निळे वळ सगळ्यांना दिसले. त्यानं ते दिसू दिले. मग तो बसला, धोंडा मांड्यांवर ओढून घेतला, त्याच्यावर छाती टेकली आणि उभा राहू लागला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, ती धोंड्यावर ओघळली. घशातून असा आवाज निघत होता की आईनं कानांवर हात ठेवले. धोंडा भिंतीवर टेकला तेव्हा भिंतीचा एक चिरा तडकला. लोक ओरडले, बॅगपाइपवाल्यानं दादाला मिठी मारली, आणि मी बाबांचं घड्याळ हातात घट्ट धरून रडत होते. आनंदानं रडत होते. बाबांनी दादाशी हात मिळवला आणि फोटोला उभे राहिले.

मिसेस डफ रात्री बहिणीकडे राहणार होत्या, त्यामुळे परत येताना गाडीत आम्ही चौघंच होतो. ऊन उतरलं होतं. मग बाबा म्हणाले, ‘माझ्या हाताला घाम होता. नाहीतर आला होता वर.’ दादा हसला. फार नाही, नाकातल्या नाकात. बाबांनी गाडी कडेला घेतली, घेवड्याच्या शेतालगत, उतरले, मागचं दार उघडलं आणि दादाला केसांना धरून बाहेर ओढलं. ‘बापाला हसतो?’ पट्टा त्यांनी उतरतानाच काढला होता. पहिला फटका दादाच्या कानावर बसला, बक्कल लागलं. दुसऱ्या वेळी दादानं पट्टा हवेत धरला.

पुढचं मी गाडीतून पाहिलं. दादानं पट्टा ओढला तसे बाबा त्याच्या अंगावर आले, आणि दादानं त्यांना तोंडावर मारलं. मग पुन्हा मारलं. बाबा रेतीत पडले, तर त्यांच्या छातीवर बसून मारलं. ओल्या कपड्यावर धोपटणं बसावं तसा आवाज येत होता. आई मधे पडली, तिला त्यानं कोपरानं उडवलं, ती चाकाशी जाऊन आदळली. मी खाली उतरले नाही. मला थांबवायचं नव्हतं. प्रत्येक ठोशाला माझ्या आत कुणीतरी ‘अजून’ म्हणत होतं, आणि त्यातली गोडी मला अजून आठवते. बाबांचा एक दात ओठातून बाहेर आला तेव्हा ते ‘अजून’ थांबलं.

एक पिकअप ट्रक मागून येऊन थांबला. टोपी घातलेला शेतकरी काच खाली करून म्हणाला, ‘सगळं ठीक आहे ना?’ त्याचा हात फोनवर होता. आई नुसती त्या फोनकडे बघत होती. दादा उठून बाजूला झाला, मुठी तशाच. बाबा हाताचा टेकू घेत बसते झाले. रक्त थुंकले. आणि त्या माणसाकडे बघून फाटक्या तोंडानं हसत म्हणाले, ‘माय सन. ही लिफ्टेड द स्टोन टुडे.’

शेतकऱ्यानं दादाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. किर्कब्रेचा असावा. त्यानं टोपीला बोट लावलं आणि तो निघून गेला. बाबा पोलिसांच्या भीतीनं तसं बोलले, असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिली. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. त्यात भीती होती, पण अभिमानही होता. मुलगा पहिला आल्यावर बापाला होतो, तितका. त्यांनी खिशातून किल्ली काढून दादाला दिली. ‘चालव,’ म्हणाले, आणि स्वतः बाजूच्या सीटवर बसले.

घरात त्यानंतर दादाला कुणी हात लावला नाही. मिसेस डफचा नियम बाबांनी तंतोतंत पाळला. तव्यावरची पहिली पोळी दादाच्या पानात पडू लागली. बाबा त्याला विचारून चॅनल बदलायचे. मंडळात बाबांनी सांगितलं की दात गॅरेजच्या शिडीवरून पडून गेला. मी रात्री निवांत झोपू लागले आणि मला वाटलं, सुटलो आपण. दादा गॅरेजच्या वर्गातून यायचा, बूट दारात टाकायचा, आणि ते उचलायला मी उठले नाही तर नुसता बघायचा. त्याचं ते बघणं ओळखीचं होतं, तरी मी स्वतःला सांगायचे, दमला असेल.

एका संध्याकाळी भाजीत मीठ कमी होतं. त्यानं आईला सुनावलं, ‘दिवसभर घरी असतेस, एवढं पण होत नाही?’ मी म्हणाले, ‘दादा, बाबांसारखं बोलू नकोस.’ त्यानं माझ्या कानाखाली मारली. उलट्या हाताची, तयार हाताची. मी खुर्चीसकट खाली पडले आणि माझी भुवई टेबलाच्या कडेवर फुटली. आई म्हणाली, ‘मोठ्या भावाला उलट बोलतात का?’ बाबांनी टीव्हीवरून नजर काढून दादाकडे पाहिलं. पेकाट मोडलेल्या कुत्र्यासारखे ते हल्ली गप्प असायचे, पण त्या वेळी त्यांनी मान हलवली. बरोबर केलंस, अशी.

मी अनवाणी मिसेस डफच्या दारात गेले. त्यांनी फ्रिजरमधली मटारची पिशवी माझ्या भुवईवर दाबली. मी त्यांच्यावर ओरडले, ‘तुमच्या नियमानं काय झालं बघा.’ त्यांनी पिशवी उलटी करून पुन्हा दाबली. मग म्हणाल्या, ‘असा नियम नाहीच, पोरी. दगड आहे, उचलतात, झालं. बापाच्या हाताचं मी रचलं. भिंतीपलीकडून तुझ्या आईचं ते मशीन ऐकून ऐकून. मला वाटलं, तुझा बाप मानेल.’

‘मानलं त्यांनी,’ मी म्हणाले.

त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला. ‘मी करू शकते,’ त्या म्हणाल्या. ‘मी आधीच करायला हवा होता. तुमच्या कार्डाचं मलाही माहीत होतं, म्हणून थांबले.’ मी ग्रीन कार्डाचा विचार केला, कराडचा केला, दादाच्या पायांवर पडलेल्या आईचा केला. मग मी स्वतः नंबर फिरवला. पलीकडच्या बाईचा आवाज तरुण होता, ती कुठेतरी काहीतरी चघळत असावी. तिनं पत्ता विचारला, लागलंय का विचारलं, आणि मग विचारलं, तुला कुणी मारलं?

मला मारलं होतं दादानं. मी नाव सांगितलं बाबांचं. ते खोटं होतं, असं मला आजही वाटत नाही.